हुकलेले पाऊल

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या रेवदंड्याच्या वाडीतला आजोबांनी लावलेला फणस आडवा झाला. आप्पांनी त्याच्या फळ्या वखारीतून चिरून आणून माळ्यावर वाळत ठेवल्या. आईसाठी देव्हारा करायचा होता. पण सुतारकीत जन्म गेलेले त्यांचे हात तोवर थरथरू लागले होते. तेव्हा दादाने संगणकावर चालणारे कोरीवकामाचे यंत्र घरीच जोडायचे ठरवले.

मी कलाशाखेची; मला मोटारीतले काय कळणार? दादा सांगे आणि मी हिशेब वहीत उतरवी. स्टेपर मोटर पावलापावलाने फिरते. एका फेऱ्याला २०० पावले. ड्रायव्हर एकेका पावलाचे सोळा भाग करतो, आणि एका फेऱ्यात आमचा स्क्रू ८ मिलिमीटर सरकवतो. म्हणजे मिलिमीटरला ४०० ठोके! ते ठोके पाठवणारी, अर्डुइनोवर चालणारी जीआरबीएल प्रणाली फुकट मिळते. तेथे पैसे वाचले, तसे मोटारींतही वाचवावे असा मोह झाला. १.७ इंच तोंडाच्या नेमा १७ मोटारी आणि टपाल तिकिटाएवढे ए४९८८ ड्रायव्हर आले.

प्लायवूडवर सारे झकास चालले. मग फणसाची फळी लावली. अर्धी वेल कोरून झाली आणि गाठ आली. मोटर घरघरली, क्षणभर अडली. ठोके मात्र चालूच! मोटर खरोखर सरकली की नाही, हे पाठवणाऱ्याला कळतच नाही. उरलेली वेल चार मिलिमीटर बाजूला उमटली. आप्पा काही बोलले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

मोटारीच्या कागदावर छापलेला जोर ती जागच्या जागी रोखून धरतानाचा असतो. वेग वाढला की तो घटतो, हे आम्हांला फळी गमावल्यावर उमगले. चुकलेली जागा स्वतः ओळखणारी सर्व्हो मोटरही असते; तिची किंमत ऐकून मी वही मिटली. शेवटी आईच्या भिशीच्या पैशांतून नेमा २३, टीबी६६०० ड्रायव्हर आणि वेगातही जोर टिकावा म्हणून २४ व्होल्टचा पुरवठा आला.

आता एकच फळी उरली होती. आप्पांनी ती मांडीवर घेतली, बोटांनी चाचपली आणि गाठीगाठीवर खडूने खुणा केल्या. दादाने तेवढ्या जागी वेग निम्मा केला.

वेल अजून पुरी व्हायची आहे. खाऱ्या वाऱ्याने स्क्रूला गंज चढतो. त्याला रोज सकाळी तेल घालण्याचे काम माझ्याकडे आहे.