उणे व्होल्टचे मौन

कन्सोलची केबल जोडली, लॅपटॉपवरची खिडकी उघडली, एन्टर दाबला आणि पडद्यावर काहीच उमटले नाही, या एकाच अवस्थेने माझ्या व्यवसायातील चिंतनाचा फार मोठा भाग व्यापून टाकला आहे. स्विचमध्ये एकदा प्रवेश मिळाला की पुढचे काम, मग ते व्हीलॅनचे असो, ट्रंकचे असो अथवा एखाद्या पोर्टवर वारंवार येणाऱ्या त्रुटींचे असो, रुळलेल्या वाटेने चालते. तेथले हुकूम ठरलेले असतात आणि त्यांची उत्तरेही बहुधा ठरलेलीच असतात. परंतु काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकत राहतो आणि पलीकडून एक अक्षरही येत नाही, तेव्हा हाती कोणताच पुरावा नसताना निवाडा करावयाची पाळी येते, आणि या निवाड्यातच कारागिराची खरी परीक्षा असते असे माझे मत आहे.

या पडद्याचा एक धर्म नवख्यांच्या ध्यानी सहसा येत नाही. आपण कळ दाबतो आणि अक्षर दिसते, तेव्हा ते आपणच लिहिले असे वाटते. वस्तुतः आपले अक्षर तारेवरून स्विचकडे जाते, स्विच ते वाचून परत पाठवतो, आणि जे दिसते ती त्याने दिलेली पोच असते. म्हणून कोऱ्या पडद्याचे दोन अर्थ संभवतात. आपले बोलणे तिकडे पोचले नसेल, किंवा तिकडचे उत्तर इकडे आले नसेल. जाण्याची तार वेगळी आणि येण्याची वेगळी, आणि दोहोंपैकी कोणतीही तुटली तरी डोळ्यांना दिसणारे दृश्य तंतोतंत एकच.

यात वेगाचा घोळ मिसळतो. सिस्को आणि ज्युनिपर यांच्या स्विचची प्रथेने चालत आलेली गती सेकंदाला ९६०० बिट्स, तर मिक्रोटिकची ११५२००. आणि पूर्वीच्या कोणा तंत्रज्ञाने स्वतःच्या सोयीसाठी ती बदलून कोठेही नोंद ठेवली नसेल, तर पडद्यावर निरर्थक चिन्हांचा खच पडतो. मला विचाराल तर हा खच शुभ होय, कारण तो निदान येतो तरी. त्याहून कपटी प्रकार फ्लो कंट्रोलचा. मिनिकॉम हा टर्मिनल प्रोग्राम वापरताना हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू राहून गेला, की स्विच सुरू होतानाचा सगळा मजकूर स्वच्छ वाचता येतो आणि आपले मात्र एक अक्षरही जात नाही. शिवाय यूएसबीचे कन्व्हर्टर आहेतच. लॅपटॉपमधून नऊ पिनांचे पोर्ट नाहीसे झाले आणि आमची सारी विद्या या बोटभर वस्तूवर अवलंबून राहिली. २०१४ च्या ऑक्टोबरात एफटीडीआय कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळखक्रमांक शून्य करून टाकला, तेव्हा जगभर अनेकांचे कन्व्हर्टर मुके झाले. बाजारात नकली माल किती खोलवर मुरला आहे, याची त्या निमित्ताने पुरी प्रचीती आली.

माझी नजर अलीकडे मंदावली आहे. रॅकमागच्या अंधुक उजेडात पांढरी-नारिंगी तार कोणती आणि पांढरी-तपकिरी कोणती, हे आता मला खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे हाताचे काम माझ्याकडे शिकावयास येणारी आमच्या कामठीचीच एक मुलगी करते, आणि हात जे न सांगता करीत असत ते शब्दांत मांडण्याचे काम माझ्या वाट्यास आले आहे. गेल्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना, छावणीच्या बाजूच्या एका जुन्या इमारतीत आम्ही गेलो होतो. कामठीची छावणी १८२१ सालची. त्या धाटणीच्या जाड भिंतींतून वाय-फाय धड पार जात नाही, म्हणून तेथे तारेच्या जाळ्याला पर्याय नाही. रॅकमधल्या स्विचचे सगळे दिवे लुकलुकत होते, कचेरीचे काम निर्वेध चालू होते, फक्त स्विच कोणाशी बोलत नव्हता. एसएसएचने नाही आणि कन्सोलनेही नाही. मुलगी म्हणाली, "सर, काहीच येऊन नाही राहिलं. मेला वाटते हा. बंद करून चालू करू का?"

तिला मी मल्टिमीटर काढावयास सांगितले. कन्सोलची तार ज्यावर चालते ते आरएस-२३२ हे मानक १९६० चे, आणि आपण ज्या रूपात ते ओळखतो ते १९६९ चे. त्यात स्वस्थ तार शून्यावर नसते, ती उणे व्होल्टवर असते. उणे तीन ते उणे पंधरा म्हणजे एक, अधिक तीन ते अधिक पंधरा म्हणजे शून्य, आणि कोणी बोलत नसेल तेव्हा रेषा अखंड 'एक' धरून ठेवते. हा वारसा तारायंत्राचा आहे. तेथे बोलणे नसतानाही तारेतून प्रवाह वाहता ठेवीत, म्हणजे तार तुटताच ते कळावे. आपल्या देशातली तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण तिचा हा शहाणपणा प्रत्येक कन्सोल पोर्टमध्ये शाबूत आहे. केबलचे एक टोक स्विचमध्ये ठेवावे, नऊ पिनांचे टोक लॅपटॉपकडून सोडवावे, पाचव्या पिनेला काळी सळई आणि दुसरीला तांबडी लावावी: काटा उणे दाखवील तर पलीकडचे मौन सजीव आहे, शून्य दाखवील तर तार किंवा पोर्ट गतप्राण आहे. मग कन्व्हर्टरची दुसरी व तिसरी पिन एकमेकींना जोडून कळा दाबाव्यात. अक्षरे परत आली तर अलीकडची बाजू निर्दोष.

त्या दिवशी उणे साडेपाच आले, आणि अक्षरेही परत आली. तरी स्विच निरुत्तरच. या व्यवसायातली माझी न सुटलेली अडचण हीच. उणे व्होल्ट इतकेच सिद्ध करतात की उंबरठ्यावर दिवा जळतो आहे. घरात कोणी जागे आहे की नाही ते ठरत नाही. पोर्टांमधली वाहतूक स्विचची स्वतंत्र चिप वाहते आणि आमच्याशी बोलणारा प्रोसेसर निराळा असतो. तो बेशुद्ध पडला तरी गावभरचे काम बिनबोभाट चालू राहते. अशा वेळी वीज तोडणे हा अखेरचा उपाय, आणि तो भयंकर आहे, कारण चालू कॉन्फिगरेशन कोणी सेव्ह केलेले नसेल तर ते त्याच क्षणी नष्ट होते, आणि दोषाची कारणे सांगणारी स्मृतीतली नोंदही त्याबरोबर जाते. आम्ही कचेरी सुटेपर्यंत थांबलो. तोवर मुलीने कोणती केबल कोणत्या पोर्टमध्ये आहे याचा तपशील वहीत उतरवला, आणि त्यानंतरच वीज तोडण्यास मी संमती दिली.

आजकाल प्रथम वीज तोडून नंतर विचार करणाऱ्यांची चलती आहे, आणि त्यांना काम लवकर उरकल्याची शाबासकीही मिळते. मला हा प्रकार साक्षीदाराला ठार मारून खटला निकालात काढण्यासारखा वाटतो. सिम्युलेटरवर शिकलेल्या पिढीचा दोष त्यांचा स्वतःचा नाही. सिम्युलेटरमधली कन्सोल केबल कधी सैल होत नाही, तिचा कन्व्हर्टर कधी नकली नसतो, आणि तेथे एन्टर दाबला की उत्तर येतेच, मग मौनाचा अभ्यास त्यांनी कोठे करावा? क्लाउडवरून चालणाऱ्या ज्या पेट्यांना कन्सोलच नसतो, त्यांच्याविषयी माझे मत याहून कठोर आहे. जी वस्तू आपल्याच दारात उभ्या असलेल्या माणसाला उत्तर देऊ शकत नाही आणि दूरदेशीच्या सर्व्हरशी संपर्क असेतोवरच शहाणी असते, ती विकत घेणारा तिचा पुरता मालक नसतो.

मात्र या सगळ्या तत्त्वनिष्ठेत माझा अहंकार मिसळलेला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. मल्टिमीटरची ही युक्ती मी पुष्कळ वर्षे कोणास सांगितली नाही. कामठी-नागपूर पट्ट्यातल्या इतर तंत्रज्ञांनी हात टेकल्यावर मला बोलावणे यावे, पाठीमागे चार माणसे श्वास रोखून उभी असावीत आणि माझ्या एन्टरबरोबर प्रॉम्प्ट उमटावा, या क्षणाची मला चटक लागली होती. गुप्ततेखेरीज ती भागली नसती. प्रत्येक रॅकच्या दारावर गती, केबलचा प्रकार आणि शेवटच्या सेव्हची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावावी, असा त्या मुलीचा आग्रह आहे. चिठ्ठी लागली की तेथे माझी गरज उरत नाही, हे मला पहिल्या दिवशीच उमगले होते आणि म्हणूनच तिची सूचना मी टोलवीत आलो. आता चिठ्ठ्या ती लावते, व्होल्ट ती मोजते, वीज केव्हा तोडावी याविषयी माझ्याशी निर्भयपणे वादही घालते आणि पुष्कळदा तिचेच बरोबर ठरते. पण पहिला एन्टर अजून मी दाबतो, आणि तो अखत्यार सोडण्याची माझी तयारी नाही.