गप्प झाला म्हणजे गेला असं नाही

ऑफिसच्या वायफायला फोन जोडला की आधी त्याला एक आयपी पत्ता मिळतो. मग तुम्ही एखाद्या साइटचं नाव टाकता आणि कुणीतरी त्या नावाचा आकड्यांमधला पत्ता शोधून देतं. पहिलं काम डीएचसीपीचं, दुसरं डीएनएसचं. मोठ्या कंपन्यांमध्ये ही कामं रॅकमध्ये बसवलेले खास डबे करतात, त्यांना आम्ही अप्लायन्स म्हणतो. हे डबे बंद पडले की इंटरनेटची लाइन ठणठणीत असूनही काहीच उघडत नाही. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या डब्यामागे एक दुसरा डबा लागतो. हा दुसरा डबा बसवणं हे गेली चार वर्षं माझं काम आहे.

सगळ्यात साधी रचना म्हणजे जोडी. दोन नोड एकाच रॅकमध्ये, एक अॅक्टिव्ह, एक पॅसिव्ह. बाहेरच्यांना दोघांचा मिळून एकच सामाईक पत्ता दिसतो. इन्फोब्लॉक्सच्या अशा जोडीला पाच आयपी लागतात: प्रत्येक नोडचे दोन आणि एक सामाईक. 'दोन डब्यांना पाच पत्ते कशाला?' हा प्रश्न समोरच्या नेटवर्क टीमकडून हमखास येतो.

दोघांमधलं बोलणं व्हीआरआरपी या प्रोटोकॉलवर चालतं. त्याच्या नेहमीच्या सेटिंगनुसार अॅक्टिव्ह नोड दर सेकंदाला 'मी आहे' एवढाच निरोप पाठवतो. सलग तीन निरोप आले नाहीत, की पॅसिव्ह नोड आणखी सेकंदभरही न थांबता सामाईक पत्ता स्वतःकडे घेतो. लोकांना कळतही नाही.

पण पॅसिव्ह नोडला नक्की काय माहीत असतं? एवढंच, की निरोप आला नाही. समोरचा बंद पडलाय की मधली वाट बंद आहे, हे त्याला कळायला मार्ग नाही. स्विचच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री नेहमीच्या पद्धतीने चालू असेल, तर पोर्ट जागा व्हायला 15 अधिक 15 अशी 30 सेकंदं घेतो. तेवढ्या वेळात नुकत्याच सुरू झालेल्या नोडला वाटतं, आपण एकटेच आहोत. मग दोघंही अॅक्टिव्ह होतात आणि एकाच पत्त्यावर हक्क सांगतात. याला म्हणतात स्प्लिट-ब्रेन. बंद पडलेल्या नोडपेक्षा मला याची जास्त भीती वाटते.

दुसरी रचना लांबची. मुख्य नोड, म्हणजे ग्रिड मास्टर, एका शहरात. त्याचा वारसदार, मास्टर कँडिडेट, दुसऱ्या शहरात. वारसदाराकडे सगळ्या डेटाबेसची प्रत असते. तरी मास्टर गप्प झाला म्हणून तो आपण होऊन गादीवर बसत नाही. माणसाने लॉगिन करून कमांड द्यावी लागते. टीममध्ये नवीन आलेली मुलं विचारतात, हे ऑटोमॅटिक का नाही? मी त्यांना गिटहबची गोष्ट सांगते. 21 ऑक्टोबर 2018 ला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्यांचा नेटवर्क संपर्क फक्त 43 सेकंदांसाठी तुटला. तेवढ्यात त्यांच्या यंत्रणेने डेटाबेसचं मुख्यपद आपोआप पश्चिम किनाऱ्याकडे दिलं. दोन्हीकडे एकमेकांना न कळलेल्या नोंदी झाल्या होत्या. सगळं मार्गी लागायला 24 तास 11 मिनिटं लागली.

शेजारच्याची शांतता आणि लांबच्याची शांतता यांचा अर्थ एकच नसतो. हे मला कामामुळे माहीत होतं. घरात ते गेल्या वर्षी दिसलं.

बाबांना छातीत दुखायला लागलं म्हणून सांगलीत अॅडमिट केलं. मी पुण्याहून रात्रीच पोचले. दादा जर्मनीत. वॉर्डात फोनला रेंज नव्हती, त्यामुळे चाळीस मिनिटं त्याला आमच्यापैकी कुणीच लागलं नाही. त्याने हॉस्पिटलचा नंबर शोधून डॉक्टरांना सांगितलं, 'ताबडतोब पुण्याला हलवा.' त्याच वेळी मी डॉक्टरांसमोर उभी राहून 'आजची रात्र इथेच ठेवूया' म्हणत होते. डॉक्टर दोघांनाही शांतपणे म्हणाले, 'तुमच्यापैकी मी कुणाचं ऐकायचं, तेवढं ठरवा.'

दादा हट्टीपणा करत नव्हता. तिथून त्याला जेवढं दिसत होतं, त्यात तोच निर्णय बरोबर होता.

क्लस्टरमध्ये यावर उपाय असतो: तिसरा नोड. त्याने डेटा ठेवायची गरज नसते, फक्त मत द्यायचं. तिघांपैकी दोघं ज्या बाजूला, तीच बाजू चालते. आमचा तिसरा नोड मिरजेहून रिक्षाने आला. आत्या. तिने डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले, बाहेर येऊन रेंज शोधली आणि दादाला फोन लावला. 'हे बघ, आज हलवायचं नाही. सकाळी परत बोलू.' दादा 'बरं' म्हणाला. माझं त्याने ऐकलं नसतं, आणि त्याचं मी.

बाबा आता बरे आहेत. त्यानंतर घरात एक नियम झाला: जो बाबांजवळ असेल त्याने ठरवायचं, बाकीच्यांनी विचारायचं आणि सांगायचं. दोघांचं जुळलं नाही तर आत्या.

पण नियम लिहून ठेवला की काम झालं असं नसतं. ज्या पॅसिव्ह नोडवर कधी मुद्दाम फेलओव्हर करून पाहिला नाही, तो नुसती वीज खाणारा डबा. म्हणून आम्ही ग्राहकाला आधी कळवून, शनिवारी रात्री, चालू असलेला नोड स्वतःच बंद करतो आणि दुसऱ्याचं काय होतं ते बघतो.

डिसेंबरमध्ये दादा तीन आठवडे आला होता. बाबांची तपासणी होती त्याच आठवड्यात मी हंपीला गेले, ठरवून. चार दिवसांत त्याचा एकच फोन आला: फाइल कुठे आहे?

'वरच्या कपाटात. निळी.'

पुढचं सगळं त्याने केलं.