टेबलाखालची आगगाडी

संगणकयुगाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण एका मोठ्या लाकडी टेबलाखाली घडले. टेबलावर खेळण्यातल्या वाटाव्यात अशा आगगाड्या धावत होत्या आणि खाली काही विद्यार्थी पाठीवर पडून तारा जोडत होते. आजचा धागा त्या टेबलाचा, आणि मुख्यतः त्याच्या खालच्या बाजूचा.

स्थळ अमेरिकेतील केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, रडारच्या संशोधनासाठी तेथे तीन मजल्यांची एक लाकडी इमारत घाईघाईने उभारण्यात आली. तिला धड नावही मिळाले नाही. मिळाला तो क्रमांक, इमारत २०. युद्ध संपल्यावर ती पाडावयाची होती. प्रत्यक्षात ती १९९८ पर्यंत उभी राहिली. तात्पुरत्या म्हणून बांधलेल्या वास्तूंचे आयुष्य पुष्कळदा असेच लांबते.

१९४६ मध्ये एमआयटीत ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ स्थापन झाला. याच इमारतीतील २०ई-२१४ क्रमांकाच्या खोलीत त्याची रेल्वे मांडलेली होती: खऱ्या रेल्वेच्या ८७ पट लहान, दोन रुळांमधले अंतर अवघे साडेसोळा मिलिमीटर. डोंगर, गावे, पूल, यार्ड, सारे काही त्या मांडणीत होते.

क्लबात दोन प्रकारची माणसे येत. काहींना टेबलाच्या वरच्या बाजूचे वेड होते. जुन्या इंजिनांचे नमुने, डब्यांचे रंग, स्थानकावरच्या पाट्या हे त्यांचे जग. उरलेल्यांना वर काय धावते याची फारशी फिकीर नव्हती. ते का धावते, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. या दुसऱ्या गटाला ‘सिग्नल आणि वीजपुरवठा उपसमिती’ असे रुक्ष नाव होते. टेबलाखालच्या एकूण यंत्रणेला ही मंडळी नुसते ‘द सिस्टिम’ म्हणत.

ही यंत्रणा मुळात लागलीच कशासाठी? छोट्या गाडीला वीज रुळांतूनच मिळते. ती चाकांवाटे इंजिनातल्या मोटरपर्यंत पोहोचते. सगळे रूळ एकाच मंडलात जोडले, तर एक गाडी सुरू करताच सगळ्याच सुरू होतात आणि एक थांबवली की सगळ्या थांबतात. त्यावर उपाय असा, की रूळ जागोजागी कापून त्यांचे वेगवेगळे विभाग करायचे आणि ज्या विभागात जी गाडी असेल, तो विभाग त्या गाडीच्या चालकाच्या नियंत्रकाला जोडायचा. गाडी पुढच्या विभागात गेली की जोडणीही पुढे सरकली पाहिजे. विभाग चार असतील, तर हाताने बटणे फिरवून भागते. ते अनेक झाले आणि चालकही अनेक असले, की माणसाचे हात अपुरे पडतात.

आता हाच प्रश्न जरा निराळ्या शब्दांत मांडून पाहावा: अनेक माणसांपैकी कोणालाही, अनेक तारांपैकी कोणत्याही तारेशी, मागेल तेव्हा जोडून द्यायचे. म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजच! वेस्टर्न इलेक्ट्रिक ही टेलिफोनची उपकरणे बनवणारी कंपनी महाविद्यालयांना साहित्य देणगी देत असे. क्लबाने तेथूनच रिले आणि क्रॉसबार स्विच मिळवले आणि त्या काळी शहरातले फोन जोडणारी सामग्री टेबलाखाली आगगाड्या जोडू लागली. नियंत्रणासाठी टेलिफोनच्या तबकड्याही वापरल्या गेल्या. कल्पना इतकी चपखल होती, की ती कोणाला सुचली यापेक्षा ती इतरांना आधी कशी सुचली नाही, याचेच नवल वाटते. १९६२ पर्यंत या यंत्रणेत सुमारे १२०० रिले झाले होते.

पण १२०० रिले याचा अर्थ बिघडू शकणाऱ्या हजारो जागा असाही होतो. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने हलणारी पट्टी. तिचे टोक दुसऱ्या टोकाला टेकले की मंडल पूर्ण होते. त्या टोकांवर धूळ बसते. दर वेळी उडणाऱ्या बारीक ठिणगीने त्यांना खड्डे पडतात. रुळांवर काळपट थर चढतो, चाकांना मळ लागतो. ऋतू बदलला की टेबलाचे लाकूड फुगते, आकसते, आणि काल सरळ असलेला रूळ आज केसभर वाकतो. जोडावर दिलेला डाग कच्चा राहिला असेल, तर तो महिनोन्महिने काम देतो आणि नेमका एखाद्या दिवशी दगा देतो.

समजा, बोगद्याच्या तोंडाशी गाडी अडली. दोष चाकाचा की रुळाचा? जोडाचा की रिलेचा? की सगळे भाग निर्दोष असून ज्या तर्काने ते एकमेकांना जोडले, तो तर्कच चुकला आहे? शेवटची शक्यता सर्वांत त्रासाची, आणि खालच्या मंडळींची सर्वांत आवडती. शंका एकेक करून वगळायची, मंडलाचा माग काढत मुळाशी पोहोचायचे, आणि तेथे पोहोचल्यावर मूळ जोडणीपेक्षा सुबक जोडणी सुचली, तर जुनी उखडून टाकायची. दुरुस्ती आणि सुधारणा यांत ते भेद करीत नसत. चालू स्थितीतली यंत्रणा सुधारण्याच्या नादात पार बंद पाडली, असेही घडे. त्या पराक्रमासाठी क्लबाच्या बोलीत खास शब्द होता. मांडणीवर ४० तास काम केल्यावरच नव्या सभासदाला खोलीची किल्ली मिळत असे.

गाडी एखाद्या अडथळ्यावर आदळण्याच्या बेतात असेल, तर सर्व काही तत्काळ थांबवणारी बटणे खोलीत ठिकठिकाणी होती. ते दाबताच नियंत्रण फलकावरचे अंकदर्शी घड्याळ थांबे आणि वेळेच्या जागी ‘फू’ हे इंग्रजी अक्षरांतले निरर्थक शब्दचिन्ह उमटे. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या आजच्या मुलांना उदाहरणातल्या चलाचे नाव म्हणून हाच ‘फू’ भेटतो.

१९५९ मध्ये पीटर सॅमसन या सभासदाने क्लबाच्या बोलीचा एक छोटा कोश तयार केला. त्यात ‘हॅक’ हा शब्द होता. त्याचा अर्थ तेव्हा गुन्हेगारीशी जोडलेला नव्हता. काही विधायक हेतू मनात न धरता, केवळ करण्याच्या आनंदासाठी केलेला उद्योग, अशी स्वतःचीच थट्टा त्यात होती.

त्याच सुमारास टीएक्स-०, ट्रान्झिस्टरवर चालणारा एक आरंभीचा संगणक, एमआयटीत आला होता. क्लबाचे माजी सभासद जॅक डेनिस यांच्यामुळे टेबलाखालच्या मुलांना तो प्रत्यक्ष हाताळता आला. त्या काळी हे भाग्य दुर्मीळ होते. मोठ्या संगणकापुढे विद्यार्थ्याने छिद्रे पाडलेली कार्डे सुपूर्त करायची आणि उत्तराची वाट पाहायची, हीच रीत होती. या मुलांना वाट पाहण्याची सवयच नव्हती. प्रोग्रॅम अडला, की बोगद्याशी अडलेल्या गाडीसारखा त्याचा माग काढायचा, हे त्यांना आधीपासून येत होते. सॅमसनने टीएक्स-० कडून संगीत वाजवून घेतले. ॲलन कोटोकने पुढे बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमवर काम केले. १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या यंत्रावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ घडवला. यंत्रावरच्या बटणांनी तो खेळताना कोपर दुखत, म्हणून कोटोक आणि बॉब साँडर्स यांनी क्लबाच्या खोलीतले सुटे भाग जमवून वेगळ्या नियंत्रण-पेट्या बनवल्या. आगगाडीच्या भंगारातून संगणकीय खेळाचे नियंत्रक निघाले!

संगणकाने हे ऋण फेडलेही. १९७० च्या सुमारास डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने क्लबाला दोन छोटे पीडीपी-११ संगणक दिले. एकाकडे पुढे मालगाड्यांचे यार्ड सोपवले गेले. दुसरा गाड्या आणि नियंत्रक यांच्या जोड्या लावू लागला, गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे बदलू लागला.

मग इमारतीचीच वेळ भरली. १९९७ मध्ये क्लबाला इमारत २० सोडावी लागली. अर्धशतक जागच्या जागी वाढलेली मांडणी उचलून नेता येत नाही. डोंगर भिंतींना धरून उभे होते, तारांचे जाळे टेबलाशी एकजीव झाले होते. बहुतांश मांडणी तेथेच मोडण्यात आली. ज्या तारांमधून एका पिढीची विचार करण्याची पद्धत घडली, त्यांचे पुढे भंगार झाले, ही हानी लहान मानता येणार नाही. संग्रहालयात ठेवण्याजोगी वस्तू आपल्यासमोर आहे, हे ती वापरात असेपर्यंत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

नव्या जागेत, एन५२ या इमारतीत, क्लबाने लगेच नवी मांडणी बांधायला घेतली. तोवर बाजारात सोपा मार्ग आला होता. डीसीसी या डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनात एक चिप असते आणि रुळांतून आलेल्या संदेशांतला आपल्यापुरता संदेश ती उचलते. रुळांचे विभाग, जोडण्यांची धावपळ, काही उरत नाही. क्लबाने तो मार्ग घेतला नाही. साधीच इंजिने ठेवली, रुळांचे विभाग ठेवले, आणि रिलेंच्या जागी सुमारे ४० मायक्रोकंट्रोलर व त्यांच्यावर लिनक्सचा एक संगणक बसवला. व्यवहाराच्या दृष्टीने हा हट्टच म्हणायचा. मात्र तयार उपाय विकत घेतला असता, तर टेबलाखाली जाण्याचे कारणच संपले असते.

नव्या मांडणीत एमआयटीच्या उंच ग्रीन बिल्डिंगची प्रतिकृती आहे. तिच्या खिडक्यांतल्या दिव्यांवर टेट्रिस खेळता येते. २० एप्रिल २०१२ रोजी विद्यार्थ्यांनी खऱ्या ग्रीन बिल्डिंगच्या खिडक्यांवरही टेट्रिस चालवून दाखवले. वीज मात्र टेबलावर अजून रुळांतूनच चाकांकडे जाते, आणि गाडी अडखळू लागली की रूळ हातानेच पुसावे लागतात.