शरदात फुलणारे झाड

आयर्लंडच्या नैऋत्येस, किलार्नीच्या सरोवरांकाठी, स्ट्रॉबेरी ट्री नावाचा सदाहरित वृक्ष आढळतो. आपल्या ओळखीच्या स्ट्रॉबेरीशी त्याचे साम्य फळाच्या रूपापुरतेच. कुळाने तो ऱ्होडोडेंड्रॉनचा आप्त. या देशात स्थायिक झाल्यावर, पन्नाशी उलटून गेली असताना, मी त्याचे रोप अंगणात लावले. कोवळेपणी थंड वाऱ्यापासून आडोसा, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि कायमची जागा, एवढेच तो मागतो. मूळ धरल्यावर हलवलेले त्याला सोसत नाही.

त्याची वाढ सावकाश होते. ‘या वयात हा खटाटोप कशाला?’ असे मला आप्तांनी विचारले. तेव्हा मी निरुत्तर होतो.

वाचकहो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या झाडापाशी उभे राहून पाहा. शेजारचे वृक्ष पाने ढाळत असतात, आणि याला इवल्या घटांसारख्या पांढऱ्या फुलांचे घोस येतात. त्याच वेळी गतवर्षीच्या फुलांची फळे लाल होत असतात. कारण फळ पिकण्यास सुमारे बारा महिने लागतात. चव बेताचीच. ‘युनेडो’ या त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ रोमन ग्रंथकार प्लिनीने ‘मी एकच खातो’ असा लावला. मीही दरवर्षी एकच खातो, आणि मला ते पुरते.

नोकरी वा संसार सांभाळून तुम्ही उशिरा वही उघडली असेल, तर या झाडाला उशीर झाला असे म्हणू नका. शरदात उमलणे हाच त्याचा नेम आहे.