पेटीतला कापूस

जाळी काढून वूफरच्या कडेवरून बोट फिरवलं, तर बोटाला काळा, चिकट भुगा आला. कागदी शंकूला लोखंडी चौकटीशी जोडणारी फोमची गोल पट्टी पार विरून गेली होती. बारा इंची शंकू मागच्या जाळीदार कापडाच्या आधारावर कसाबसा तरंगत होता. हलकेच दाबला तर आतून खरखर आली, आणि ती माझ्या पोटात गेली.

हे दोन स्पीकर मामांनी 1977 साली मस्कतहून आणले. अमेरिकन बनावट, अक्रोडाच्या लाकडाची पेटी, एकेक पंचवीसेक किलोचा. मुंबईहून जलंबपर्यंत मोठी गाडी, तिथून खामगावची छोटी. जलंब-खामगाव हा तेरा किलोमीटरचा फाटा 1870 साली टाकला तो इथला कापूस मुंबई बंदराला पोचवायला. शंभराहून जास्त वर्षं गाठोडी तिकडे गेली, आणि एका सकाळी त्याच रुळांवरून दोन खोकी इकडे आली. मामा ब्रेकव्हॅनमध्ये खोक्यांजवळच बसून आले, असं मामी आजही सांगतात.

मामा गेल्यावर पेट्या माझ्याकडे आल्या. ओळखीतल्या प्रत्येकाचा सल्ला एकच: आतलं सगळं काढ, नवे वूफर टाक, पेटी तेवढी जुनी ठेव. मला हे पटत नाही. 1925 साली राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी कागदी शंकू, तारेची कॉइल आणि चुंबक यांची जी जुळणी मांडली, तिच्यावरच आजचे बहुतेक स्पीकर चालतात. त्यामुळे नवं म्हणून फार काही वेगळं मिळत नाही. हातचं मात्र जातं. माझ्या पेट्यांतली चुंबकं अल्निकोची आहेत. त्यात कोबाल्ट लागतो. 1978 मध्ये आफ्रिकेतल्या झैरच्या, कोबाल्टच्या खाणी असलेल्या शाबा प्रांतात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव आकाशाला भिडले आणि स्पीकरवाल्या कंपन्या एकामागून एक फेराइटच्या चुंबकांकडे वळल्या. मामांनी त्याच्या आदल्याच वर्षी खरेदी केली होती. आफ्रिकेतल्या खाणी आणि खामगावची ओसरी यांच्यात असा धागा आहे, हे कळल्यापासून त्या जड, राखाडी गोळ्याला हात लावताना मी जरा थांबतो.

लग्नसराईत डीजेचे फाटलेले वूफर ज्यांच्याकडे ढिगानं येतात, त्या मिस्त्रींकडे मी पेट्या नेल्या. शंकू नवा टाकायचा का, असं विचारलं तर ते दचकलेच. "कागदाले हात नोका लावू भाऊ. थो कागद चाळीस-पंचेचाळीस वर्सं हाल्ला हाय. असा मऊ कागद आता कोनी देत नाही." मग त्यांनी मधली टोपी ब्लेडनं गोल कापून उचलली. जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या बोटभर पट्ट्या कापल्या आणि कॉइल व चुंबकाच्या मधल्या फटीत चार बाजूंनी सारल्या. ती फट केसाएवढी. कॉइल तसूभरही कलली की घासते आणि आवाज फाटतो. पट्ट्यांनी कॉइल मधोमध धरून ठेवली, तेव्हा कुठे नव्या फोमला डिंक लागला. एक रात्र वाळू दिलं. सकाळी पट्ट्या ओढून काढल्या आणि पेन्सिल सेलची दोन टोकं तारांना टेकवली. शंकू अलगद पुढे आला, सेल काढताच मागे गेला. अजिबात घासला नाही. मिस्त्री काही बोलले नाहीत. सेल माझ्या हातात दिला. मी तीन वेळा टेकवून पाहिला.

कपॅसिटर मात्र बदलावेच लागले. आत द्रव असलेले हे डबे उन्हानं सुकतात; तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, तेव्हा ते एवढे टिकले हेच खूप. मायक्रोफॅरड तेवढेच ठेवून फिल्मचे टाकले. पण फिल्मच्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध कमी, त्यामुळे ट्वीटर जरा जास्तच टोचू लागला. त्याच्या ओळीत अर्ध्या ओमचा रोधक जोडल्यावर तो शांत झाला. जुने डबे मी कागदात गुंडाळून, वर आकडे लिहून पेटीतच चिकटवले. पुढे कुणी उघडली तर मूळ काय होतं ते त्याला कळावं.

रजतनगरीत राहून तांब्याची तार कशाला, चांदीची टाका, असंही एकानं आग्रहानं सुचवलं. खामगावच्या चांदीचा मला अभिमान आहे. पण चांदी तांब्यापेक्षा सहा-सात टक्केच अधिक वीजवाहक आहे. तांब्याची तार किंचित जाड घेतली की हिशोब चुकता होतो. चांदी घडवणाऱ्याच्या हातातच शोभते. मी त्याऐवजी जवसाचं पक्कं तेल आणलं आणि फडक्यानं अक्रोडाला चोळलं. वाळून फिकट पडलेलं लाकूड तेल पीत गेलं आणि त्याच्या रेषा एकेक करून वर आल्या. ते फडकं मात्र चुरगाळून टाकायचं नसतं. वाळताना आपोआप तापून पेट घेऊ शकतं. ते दोरीवर पसरून वाळवलं.

पहिली रेकॉर्ड वसंतरावांची लावली. वसंतराव देशपांडे आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातले, मूर्तिजापूरचे. त्यांच्या गळ्यातली ती धार, तानेच्या टोकाला येणारी झणक, मामा याच पेट्यांवर ऐकत. ती तशीच्या तशी आली. श्वास घेतलेला ऐकू आला. फक्त डग्ग्याच्या घुमाऱ्यासरशी डाव्या पेटीत बारीक किरकिर.

मिस्त्रींनी कॉइल पाहिली, स्क्रू आवळले, तारा तपासल्या. किरकिर जाईना. अखेर पेटी रिकामी करायची ठरली. आत कंपनीचं भरण नव्हतंच. होता तो पिवळा पडलेला, बसून तळाशी गेलेला कापूस. मामींना विचारलं. "थे काचेच्या लोकरीवानी व्हतं. हाताले खाज सुटे. मंग तुह्या मामानं काढून फेकलं अन् जिनिंगातून कापूस आनून भरला." शंकू पुढे जसा आवाज फेकतो तसा मागेही फेकतो, तो मागचा आवाज पेटीत घुमून पुन्हा बाहेर येऊ नये, म्हणून भरण लागतं. मामांनी ते गावातूनच आणलं होतं.

सगळा कापूस पिंजून आणला. तो परत भरण्याआधी रिकाम्या पेटीत बॅटरी मारली, तर कपॅसिटर बसवलेल्या क्रॉसओव्हरच्या पाटीमागे, लाकूड आणि पाटीच्या सांध्यात एक सरकी अडकलेली होती. बोट पुरेना, मिस्त्रींनी चिमट्यानं काढली.

ती मी मामींच्या तळहातावर ठेवली. त्यांनी नखानं टरफल सोलून पाहिलं. आतला गर वाळून काळा झाला होता. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली आणि म्हणाल्या, "लाव ना आता. मधातून नाही, पह्यल्यापासून."