काटा सवड देतो

दिवाळीची सुट्टी संपवून हॉस्टेलवर परत आलं, की सायकल स्टँडवर एक दृश्य हमखास दिसतं. दोन-चार सायकली मागच्या चाकावर बसलेल्या, मालक कपाळाला हात लावून उभा, आणि तोंडी एकच वाक्य, "अरे, कालच तर हवा भरली होती!" मग नशीब, साडेसाती, सबमिशन, ज्याच्यावर ढकलता येईल त्याच्यावर दोष ढकलला जातो. पंक्चर म्हणजे अपघात, तो कुणालाही कधीही होतो, अशी आपली पक्की समजूत. मित्रमैत्रिणींनो, ही समजूत खरी नाही. आणि हे मला कुठल्या टेक्स्टबुकने नाही, तर कागलच्या माझ्या आजोबांनी शिकवलं. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो.

कागल म्हणजे कोल्हापूरहून बंगळूरच्या हायवेने वीसेक किलोमीटर. पुढे दूधगंगा ओलांडली की थोड्याच वेळात कर्नाटक. हायवेवरून जाणाऱ्याला कागलचा ऊस दिसतो, एम.आय.डी.सी.चे फलक दिसतात. पण हायवे सोडून आत वळलं की पाणंद लागते. दोन्ही बाजूंना बांध, बांधावर बोरी-बाभळी, आणि मधे गाड्यांच्या दोन चाकोऱ्या. आमच्या मळ्यापासून दूध संस्थेपर्यंतचं अंतर तीन किलोमीटर. त्यातला पहिला किलोमीटर असल्या पाणंदीचा, उरलेला डांबरी. तात्या या वाटेने रोज सकाळ-संध्याकाळ संस्थेत दूध घालतात. हल्ली बाकी सगळे मोटारसायकलवरून जातात. तात्यांची मात्र अठ्ठावीस इंची चाकांची काळी सायकलच, कॅरिअरला दोन्ही बाजूंनी दहा-दहा लिटरचे कॅन अडकवलेले.

आता वीस लिटर दूध घेऊन जाणाऱ्या माणसाला पंक्चर म्हणजे काय, ते बघा. संस्थेचं संकलन ठरलेल्या वेळेत चालतं, कारण पुढे दूध न्यायला गाडी येणार असते. दूध काही आपल्यासाठी थांबत नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. मी नववीत असताना एका संध्याकाळी पाणंदीतच मागचं चाक बसलं. तात्या भरल्या कॅनसकट सायकल ढकलत गेले, पण तोवर गाडी गेली होती. वीस लिटर दूध तसंच घरी परत आलं. आजीने दही लावलं, शेजारीपाजारी वाटलं. तात्या एवढंच म्हणाले, "दुधाचं काय, वाया न्हाई गेलं. पर म्हशीला काय सांगू? आज तुझं दूध कुणी घेतलं न्हाई म्हणून?" आमच्या घरात दर दहा दिवसांनी दुधाचं बिल येतं. माझ्या कॉन्व्हेंटची व्हॅन आणि फी त्या बिलातून जायची, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. त्यामुळे पंक्चर हा आमच्याकडे विनोदाचा विषय नाही.

त्यानंतर तात्यांनी जे सुरू केलं ते अगदी साधं होतं. पाणंद संपून डांबरी लागली, की ते उतरतात. सायकल स्टँडवर लावतात, पायातली कापशी चप्पल काढतात आणि तिचा तळ टायरला हलकेच टेकवून चाक एक-दोनदा फिरवतात. आधी पुढचं, मग मागचं. काही लागलं की चपलेला खर्र असं कळतं. काटा असला तर नखाने उपटायचा, आणि चप्पल घालून पुढे. अर्ध्या मिनिटाचं काम. (कापशी चपलेचं गाव सेनापती कापशी आमच्याच तालुक्यात आहे, हे अभिमानाने नमूद करते!) मी विचारलं, "तात्या, काटा एकदा लागला म्हणजे लागलाच ना? आता बघून काय उपयोग?" तर म्हणाले, "काटा काय लगीच आत शिरतोय व्हय? त्यो आधी दारात हुबा ऱ्हातोय. तवाच हाकलायचा."

हे वाक्य मी इंजिनिअरिंगला आल्यावर कागदावर मांडून बघितलं. अठ्ठावीस इंची चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर. म्हणजे एका किलोमीटरला चाक सुमारे साडेचारशे वेळा फिरतं. टायरच्या रबरात नुसता टोकाने अडकलेला काटा प्रत्येक फेऱ्यात एकदा जमिनीवर आपटतो. पाणंद संपल्यावर संस्थेपर्यंत दोन किलोमीटर, म्हणजे जवळजवळ नऊशे घाव. खिळा एका घावात भिंतीत जात नाही, तसाच काटाही. आणि घाव केवढा? तात्या, सायकल आणि दूध मिळून शंभर किलोंच्या पुढे. त्यातले सत्तर किलो मागच्या चाकावर धरले आणि हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साडेतीन किलो असला, तर टायर जमिनीला जेमतेम वीस चौरस सेंटीमीटर टेकतो. सत्तर किलो भार आणि जागा काडेपेटीहून जरा मोठी! त्यातला एकच किलो जरी एक दशांश मिलिमीटर जाडीच्या टोकावर आला, तरी तिथला दाब दर चौरस सेंटीमीटरला बारा हजार किलोंच्या वर जातो. पहिल्या वर्षी 'प्रेशर म्हणजे फोर्स भागिले एरिया' हे आपण सगळ्यांनी घोकलं. त्याचा अर्थ मला पाणंदीत समजला.

तर सांगायचा मुद्दा असा, की काटा आपल्याला सवड देतो. आपण ती वापरत नाही.

पण काटा ओळखता आला पाहिजे. कॉन्व्हेंटमध्ये माझ्याकडे 'थॉर्न' एवढा एकच शब्द होता. तात्यांकडे प्रत्येक काट्याचा स्वभाव आहे. बाभळीचा काटा पांढरा, सरळ, दोन-दोन इंच लांब. बांधाला छिंड पडलं की गुरं आत येऊ नयेत म्हणून तिथे बाभळीची फेसाटी टाकतात. तिच्यावरून एखादी गाडी गेली की काटे मोडून चाकोरीत विखुरतात. हा काटा आत शिरून टोकाशी मोडतो आणि बाहेरून दिसतच नाही. बोरीचे काटे जोडीने येतात, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकडा. पण सायकलचा खरा वैरी म्हणजे सराटा, म्हणजेच गोखरू. पावसाळ्यात जमिनीला चिकटून चक्रासारखं पसरणारं झाड, इवलंसं पिवळं फूल, बघून माया वाटावी असं! फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन मोठे, दोन लहान काटे. तो कसाही पडला तरी एक टोक बहुधा आकाशाकडेच. जुन्या लढायांमध्ये घोडदळाच्या वाटेवर असेच लोखंडी काटे पसरत असत. सराट्याचं शास्त्रीय नाव 'ट्रिब्युलस' हे त्या हत्याराच्याच ग्रीक-लॅटिन नावावरून आलं. गंमत म्हणजे हेच गोखरू आयुर्वेदात दशमुळांपैकी एक आहे. पायाखाली वैरी आणि काढ्यात मित्र!

सराटा पावसाळा संपताना पिकतो आणि दिवाळीच्या सुमारास वाळून कडक होतो. सुट्टीनंतर सायकली का बसतात, त्याचं उत्तर साडेसातीत नाही, इथे आहे.

आता कुणी म्हणेल, पंक्चर झालं तर काढावं, एवढं पुराण कशाला? पण कागलमधल्या आमच्या पंक्चरवाल्या मामांकडे तासभर बसलात तर कळेल, की पंक्चर नुसतं काढायचं नसतं, वाचायचंही असतं. ट्यूब बाहेर काढताना मामा व्हॉल्व्हची जागा टायरवर खडूने खुणावतात. ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात फिरवतात. बुडबुडे दिसले की ती जागा टायरशी जुळवतात, आणि काटा नेमका तिथेच सापडतो. भोक बाहेरच्या बाजूला असेल तर काटा. आतल्या बाजूला, रिमकडे असेल तर रिमपट्टी सरकून आरीचं टोक टोचलेलं. शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर काटा नाहीच. हवा कमी असताना दगडावर चाक आपटून ट्यूब रिममध्ये चिमटली गेली. आणि भोक सापडलंच नाही तर व्हॉल्व्हवर थुंकीचा थेंब लावून बघायचं. बुडबुडा आला तर गुन्हेगार वालट्यूब, दोन रुपयांचं रबर!

बरेच जण ट्यूबला ठिगळ लावतात, पण टायरमधला काटा तसाच ठेवतात. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा पंक्चर, आणि शिव्या मात्र पंक्चरवाल्याला. मामा टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात. मोडलेलं टोक कितीही बारीक असलं तरी कापूस अडकतोच, बोटालाही इजा नाही. मग घासणं, सोल्युशन लावणं, आणि ते सुकेपर्यंत थांबणं. ओल्या सोल्युशनवर ठिगळ लावलं तर ते धरत नाही. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला मामा सरळ चहा प्यायला पाठवतात.

काटा लागूच नये यासाठी बाजारात काय काय मिळतं? जाड ट्यूब मिळते. टायर आणि ट्यूबमध्ये घालायची पट्टी मिळते. गावाकडे जुन्या टायरच्या कडा कापून तोच आत घालतात, सायकल जड होते पण काटा थोपतो. ट्यूबमध्ये ओतायचं सीलंटही मिळतं. त्यातले कण आणि चिकट द्रव हवेबरोबर भोकाकडे धावतात आणि तिथेच घट्ट होतात. सराट्याच्या बारीक भोकांना ते चांगलं, पण वालट्यूबही चिकटवून टाकतं. हे सगळं उपयोगाचं आहे. मात्र झिजलेल्या टायरला यातलं काहीच फार दिवस वाचवत नाही. रबर पातळ झालं की काट्याचा रस्ताच कमी होतो. आणि पावसात जास्त सांभाळावं, कारण ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज चिरतं.

मग हवाच नको, भरीव टायर बसवू, असं आमच्या ग्रुपमधल्या एका हुशार मित्राने सुचवलं. आधी तसंच होतं. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने मुलाच्या तीनचाकीला हवेचा टायर बसवला, त्याआधी भरीव रबरच असायचं. हवेच्या टायरसोबत पंक्चर आलं. सुरुवातीला टायर रिमला चिकटवलेला असल्यामुळे दुरुस्तीला तासन्‌तास लागत. १८९१ मध्ये मिशेलिन बंधूंनी काढता-घालता येणारा टायर आणला तेव्हा ते सोपं झालं. पंक्चर होतं हे माहीत असूनही जगाने हवा सोडली नाही, कारण ती खड्डा स्वतः पचवते. भरीव टायरवर आमच्या पाणंदीतून दूध नेलं तर संस्थेत पोचेपर्यंत लोणी येईल!

टायर कितीही मजबूत केला तरी तो फक्त आपला असतो. काटा सगळ्यांच्या वाटेवर असतो. तात्यांचा दुसरा नियम मला म्हणूनच पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. पाणंदीत फेसाटी आडवी पडलेली दिसली, की ते सायकल लावून ती बांधावर ओढून टाकतात. ती कुणाची, कुणी टाकली, असली चौकशी करत नाहीत. श्रावण-भाद्रपदात पाणंदीतले सराटे उपटतात. मधे एकच मूळ असतं, ओल्या मातीतून अलगद येतं. तेच दिवाळीनंतर उपटायला गेलात तर झाड हातात येतं आणि काटे जमिनीवर सांडतात. शिवाय बी काही वर्षं मातीत टिकून राहतं, म्हणजे एका वर्षाच्या आळसाची शिक्षा पुढची कित्येक वर्षं.

हा आपल्याच गावचा उद्योग आहे असं समजू नका. अमेरिकेत सराटा बाहेरून आला आणि इतका माजला, की तिथे त्याचं नावच 'पंक्चरव्हाइन' पडलं. १९६१ मध्ये त्याच्यावर दोन जातींचे सोंडकिडे सोडले गेले, एक बी खाणारा आणि एक खोड पोखरणारा. तरी सराटा आहेच. आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरात २०१८ साली 'गोटहेड फेस्ट' नावाचा सायकलींचा उत्सव सुरू झाला. त्याच्या आधी लोक शहरभरचे सराटे उपटून पिशव्या भरभरून जमा करतात. कीटक सोडून झाले, शेवटी माणसांनाच वाकावं लागलं. तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, "मग त्येनी आमच्यातलीच रीत उचलली म्हणायची!"

असो. आपल्या मैदानामागून मेसकडे जाणाऱ्या पायवाटेवर दोन्ही कडांना सराटा आहे. श्रमदान आपल्याकडे नेहमी जानेवारीत होतं, तोवर बी सांडून झालेलं असतं. एन.एस.एस.च्या सरांना माझी विनंती, की यंदा एक रविवार गणपतीच्या आधी ठेवावा, पिवळी फुलं दिसत असताना. तासाभराचं काम आहे. मी येणार आहे. तुम्हीही या, पण येताना जाड तळाची चप्पल घाला.