शिवाची तीन पुस्तकं : आवडलेलं आणि न पटलेलं



आपल्याकडे जेवणं सूर्यास्ताआधी आटोपतात, त्यामुळे वाचायला संध्याकाळ चांगली लांबलचक मिळते. या महिन्यात त्या वेळात अमीश त्रिपाठींची शिवावरची तिन्ही पुस्तकं वाचून झाली : 'मेलुहाचे मृत्युंजय', 'नागांचे रहस्य' आणि 'वायुपुत्रांची शपथ'. मूळ इंग्रजी पुस्तकं २०१०, २०११ आणि २०१३ मध्ये आली. कॉलेजात जाणाऱ्या लेकीने ती आग्रहाने हातात दिली. तिला सगळंच आवडलं. मला काही फार आवडलं, काही अजिबात पटलं नाही. (पुढे शेवटही सांगितला आहे, तेव्हा वाचायची असतील तर आधी वाचून या.)

यातला शिव देव नाही. तो तिबेटातल्या एका टोळीचा प्रमुख आहे. मेलुहात आल्यावर सोमरस पिऊन त्याचा गळा निळा होतो आणि लोक त्याला तारणहार नीलकंठ ठरवतात. तो मात्र गोंधळलेला, चिलीम ओढणारा, पण मनाने सरळ माणूस.

मला सर्वांत आवडली ती सती. तिचं पहिलं मूल मृत जन्मलं असं तिला सांगतात, त्याच दिवशी नवराही जातो आणि ती 'विकर्म' ठरते. मग तिला कुणी शिवायचं नाही. गेल्या जन्मीचं पाप म्हणून तीही मुकाट्याने सोसते. शिव तो कायदाच रद्द करतो. हे वाचताना आमच्या आजेसासूबाई आठवल्या. ऐन तारुण्यात विधवा झाल्या आणि पुढे घरातल्या प्रत्येक लग्नात मांडवाऐवजी स्वयंपाकघरातच दिसल्या. कर्मसिद्धांत आपण मानतो तो स्वतःचं मन तपासायला. त्याच्या नावाखाली दुसरीला कोपऱ्यात बसवायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

दुसरं आवडलं ते सोमरसाचं. आयुष्य वाढवणारं हे पेय आधी वरदानच असतं. पण ते बनवण्यात सरस्वतीचं पाणी आटत जातं, त्याच्या विषारी गाळाने ब्रंगा देशात रोगराई पसरते आणि व्यंग घेऊन जन्मणारी मुलं 'नाग' म्हणून टाकून दिली जातात. म्हणजे वाईट कुणी एक माणूस नाही, हद्द ओलांडलेली चांगली गोष्टच वाईट झाली. परिग्रहाचं परिमाण ठरवणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मेलुहातली 'मैका'ची पद्धत मात्र वाचवत नव्हती. प्रत्येक मूल जन्मल्यावर आईपासून तोडायचं, सगळी मुलं एकत्र वाढवायची, परीक्षेवरून वर्ण ठरवायचा आणि मग दत्तक द्यायचं. लेक म्हणते, "आई, यात किती समानता आहे!" असेल. पण त्या पान्हा फुटलेल्या बायकांचं काय, हे लेखकाने फारसं विचारलंच नाही. आणि नाव काय, तर मैका!

खरा हिरमोड शेवटी झाला. पित्याने, म्हणजे दक्षाने, शिवासाठी रचलेल्या कटात सती मारली जाते. अखेरपर्यंत लढते, पण मरते. मग संतापलेला शिव पाशुपतास्त्राने देवगिरी नगर नष्ट करतो. लोकांना बाहेर पडण्याची संधी दिलेली असते, तरी मन मानत नाही. दोन पुस्तकं 'दुष्ट माणसं नव्हे, दुष्टता शोधा' असं सांगायचं आणि तिसऱ्यात आख्खं नगर जाळायचं? आणि इतकी करारी सती घडवून शेवटी नवऱ्याच्या क्रोधाला कारण म्हणूनच तिचा उपयोग करायचा?

लेकीशी यावर दोन दिवस वाद झाला. तिचं म्हणणं, युद्धाच्या गोष्टीत युद्ध होणारच. माझं म्हणणं, होऊ दे, पण तो विजय म्हणून वाचायला लावू नका. ती गप्प झाली, पटलं मात्र नसावं.

तरीही पुस्तकं घरात ठेवली आहेत. मोठ्या मुलांना जरूर द्या, पण हा इतिहास नाही, कल्पनेने रचलेली कादंबरी आहे, हे सांगून द्या. आणि वाचून झाल्यावर त्यांच्याशी बोला. तुमच्यापैकी कुणी वाचली असतील, तर सतीचा शेवट तुम्हाला पटला का, ते मला नक्की कळवा.